‘हॅझर्ड’ला मराठीत काय म्हणावं?

फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या शेजारचा एक मुलगा संध्याकाळी घरी आला. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात तो सुरक्षा विभागात कामाला आहे. हातात एक कागद होता. चार मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्या आठवड्यात कारखान्यांतून फलक लागतात, शपथा घेतल्या जातात, मुलांच्या चित्रांना बक्षिसं मिळतात. त्यासाठी वरून इंग्रजी मजकूर आला होता आणि त्याचं मराठी करायचं काम साहेबांनी याच्या गळ्यात मारलं होतं. “काका, तुम्ही कविता करता. तुम्हाला दोन मिनिटांचं काम.” कविता करणाऱ्याकडे लोक एक तर लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन येतात, नाही तर फलकाचा. मला त्याची सवय आहे.

कागदावर दोनच ओळी होत्या. पहिलीत नुसता ‘हॅझर्ड’ हा शब्द, मोठ्या अक्षरांत. खाली कुठल्या टाकीत काय आहे ते लिहायला मोकळी जागा. दुसरी ओळ होती, ‘डोन्ट हॅझर्ड अ गेस. आस्क.’ पहिल्या ओळीला त्यानं ‘धोका’ म्हटलं होतं. ते ठीक. दुसऱ्या ओळीसाठी मात्र त्यानं शब्दकोश उघडला, हॅझर्ड म्हणजे धोका, गेस म्हणजे अंदाज, असे दोन शब्द एकापुढे एक ठेवले आणि वाक्य केलं, ‘धोक्याचा अंदाज करू नका, विचारा.’

मी ते दोनदा वाचलं. इंग्रजी वाक्य सांगत होतं की माहीत नसेल तर अंदाजानं काही करू नका. मराठी वाक्य कामगाराला सांगत होतं की धोका आहे की नाही याचा विचारच करू नका. ज्या आवारात ॲसिडाचे टँकर उभे असतात तिथे असा फलक लागला असता तर काय झालं असतं ते सोडून द्या. मुलगा हुशार आहे, त्याची चूक शब्दकोशानं करवली. पण त्या दोन मिनिटांच्या कामाला मला दोन आठवडे लागले, आणि त्यात जे सापडलं ते आज तुम्हाला सांगावंसं वाटतं.

आधी साधी गोष्ट. इंग्रजीत ‘गेस’ हे अंदाज करण्याचं क्रियापद हाताशी असताना ‘हॅझर्ड अ गेस’ असं लांबण कशाला? कारण प्रत्येक अंदाज हॅझर्ड करण्यासारखा नसतो. लग्नाला किती पानं उठतील हे आचारी सांगतो, तेव्हा त्याच्यामागे वीस वर्षांचा हिशेब असतो. तो अंदाज असला तरी त्याला कुणी हॅझर्ड म्हणणार नाही. तोच प्रश्न मांडवात पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला विचारा. तो आधी इकडेतिकडे बघेल, हसेल आणि म्हणेल, “असतील बुवा तीनशे. मी आपलं म्हणतो हं.” हे हॅझर्ड. पुरेसा आधार नाही, चुकण्याची शक्यता मोठी आहे, चुकलो तर चारचौघांत हसं होईल, हे ठाऊक असूनही बोलायचं. निवडणुकीचा निकाल, हरवलेल्या वस्तूचा ठावठिकाणा, एखाद्या बाईचं वय, अशा ठिकाणी इंग्रज माणूस हे क्रियापद वापरतो. दोन आणि दोन किती, याचं उत्तर कुणी हॅझर्ड करत नाही. मत हॅझर्ड करता येतं, शेरा हॅझर्ड करता येतो. माहिती हॅझर्ड करता येत नाही.

मराठीत याला एक क्रियापद नाही, पण मराठीचं त्यावाचून अडलेलंही नाही. आपण ते काम त्या ‘बुवा’वर आणि ‘आपलं’वर सोपवतो. ‘मला आपलं वाटतं’ यातलं ‘आपलं’ व्याकरणात कुठे बसवायचं यावर मास्तर डोकं खाजवतील, पण ऐकणाऱ्याला बरोबर कळतं की बोलणारा पाय मागे घ्यायला जागा ठेवून बोलतोय. मुद्दाम अंधारात काही बोलून समोरच्याची प्रतिक्रिया पाहायची असेल तर ‘खडा टाकून पाहणं’ आहे. आणि बेधडक, बिनबुडाचा अंदाज असेल तर ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ आहेच.

खडा टाकण्याचं लक्षात ठेवा, कारण हॅझर्ड हा शब्दही टाकण्यातूनच आला आहे. मध्ययुगीन युरोपात हॅझर्ड हे एका जुगाराचं नाव होतं. दोन फासे. खेळणाऱ्यानं आधी पाच ते नऊ यांतला एक आकडा बोलायचा, मग फासे फेकायचे, आणि पैसे अर्थातच आधी मांडून ठेवलेले. म्हणजे अंदाज, फेक आणि पण, तिन्ही एका डावात. इंग्रजीत हे नाव फ्रेंचमधून आलं, फ्रेंचमध्ये स्पॅनिशमधून, आणि स्पॅनिश ‘असार’च्या मागे बहुतेक कोशकार अरबी ‘अज़्-ज़हर’कडे बोट दाखवतात. ज़हर म्हणजे फासा. धर्मयुद्धाच्या काळात सीरियातल्या एका किल्ल्याला वेढा पडला असताना हा खेळ निघाला आणि किल्ल्याचंच नाव त्याला मिळालं, अशीही एक जुनी कथा आहे. तिच्यावर आज फारसा कुणाचा विश्वास नाही.

या ठिकाणी माझ्यासारख्याचा पाय घसरतो. रसायनाच्या टँकरवर ‘हॅझकेम’ लिहिलेलं असतं, आणि त्या शब्दाच्या पोटात ज़हर! कवीला याहून काय हवं? पण आपण विष या अर्थी जे जहर म्हणतो ते फारसी. हे अरबी ज़हर वेगळं. त्याचा अरबीत दुसरा अर्थ आहे फुलं. विषाचं आणि फाशाचं इथे काही नातं नाही. यमक जुळलं म्हणून नातं जुळत नाही, हे कवीनं तरी विसरू नये.

फ्रेंचांनी या शब्दाला अजून धोक्याच्या कुंपणात कोंडलेलं नाही. त्यांच्याकडे ‘हजार्’ म्हणजे योगायोग, नशिबाची गंमत. धोक्याचा अर्थ पक्का केला तो इंग्रजांनी, सोळाव्या शतकाच्या सुमारास. जो खेळ खेळून घरंदाज लोक भिकेला लागत होते, त्या खेळाचं नावच संकटाचं नाव झालं. आपल्याकडे द्यूत शब्दाला महाभारतानं जी सावली दिली आहे, तशीच काहीशी.

आता आपला ‘अंदाज’ घ्या. तो फारसी ‘अंदाख़्तन’ या धातूपासून आला आहे, आणि त्याचा अर्थ आहे फेकणं. पटत नसेल तर तीर फेकणारा तो तिरंदाज आणि तोफेचा गोळा फेकणारा तो गोलंदाज आठवा. रविवारी मैदानावर चेंडू टाकतो तोही गोलंदाज. फलंदाजाला मात्र आपण त्या जोडीला जोडी म्हणून घडवलं, तो बिचारा काहीच फेकत नाही. इंग्रजांच्या हवामान खात्याचा ‘फोरकास्ट’ पाहा. त्यातला ‘कास्ट’ म्हणजे फेकणं. तर्काला त्यांचा भारदस्त शब्द आहे ‘कंजेक्चर’. तो लॅटिनमधल्या ‘एकत्र फेकणं’ या अर्थाच्या शब्दापासून आला. माणसं कुठलीही असोत, पुढचं दिसत नाही म्हटल्यावर हातातलं काही तरी पुढे फेकून बघतात आणि त्यालाच विचार म्हणतात, असं मला आपलं वाटतं.

अटकळ, आडाखा, होरा, कयास हे सगळे शब्द मराठीत आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे. होरा ज्योतिषाच्या अंगणातला. कयास अरबीतून आला, तिकडे तो धर्मशास्त्राच्या पंडितांचा शब्द, एका निवाड्यावरून दुसरा काढण्याचा. आडाखा अनुभवाचा. पण यांतल्या एकातही, चुकलो तर माझं काही जाईल, ही भावना नाही. ती हॅझर्डमध्ये आहे.

ही भावना त्या शब्दात किती मुरलेली होती ते शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये दिसतं. बी. ए.ला आम्हाला ते नाटक होतं. पोर्शियाला वरायला येणाऱ्यांपुढे तीन पेट्या असतात, सोन्याची, चांदीची आणि शिशाची. शिशाच्या पेटीवर लिहिलेलं असतं की मला निवडणाऱ्यानं जवळ असेल ते सारं हॅझर्ड करावं, म्हणजे पणाला लावावं. मोरोक्कोचा राजपुत्र, नात्यानं आमच्याच बाजूचा, शिशासाठी कोण एवढं पणाला लावील असा सवाल करतो, सोन्याची पेटी उघडतो आणि कवटी घेऊन परत जातो. बसानिओ शिसं निवडतो आणि जिंकतो. वर्गात तेव्हा त्या शब्दावरून आम्ही पुढे निघून गेलो. परीक्षेत तो येणार नव्हता.

त्या पेटीवरच्या मजकुरात आणि आजच्या ‘हॅझर्ड अ गेस’मध्ये व्याकरणाचा एक बारीक फरक आहे. मला हा सगळा विषय त्या फरकासाठीच सांगावासा वाटला. जुन्या वाक्यात हॅझर्ड या क्रियापदाचं कर्म असायचं ते पणाला लावलेली वस्तू. जीव हॅझर्ड केला, दौलत हॅझर्ड केली, जहाज हॅझर्ड केलं. नव्या वाक्यात कर्माच्या जागी अंदाजच येऊन बसला आहे. अंदाज हॅझर्ड केला. मग पणाला काय लावलं? ते वाक्यातून निघून गेलं. फार तर बोलणाऱ्याची थोडी अब्रू. तरी निदान कर्ता शिल्लक आहे, कुणी तरी ‘मी’ म्हणतोय. पुढची पायरी म्हणजे टँकरवरचं विशेषण, ‘हॅझार्डस’. आता कर्ताही गेला. धोका जणू त्या द्रवातच जन्मला, कुणी तो बनवायला घेतला नाही, भरला नाही, रस्त्यावर आणला नाही. क्रियापदाचं विशेषण झालं की माणूस सुटतो.

माझ्या गावात हे व्याकरण रोज चालतं. नवापूर म्हटलं की अनेकांना नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर आठवतं. आमचं नवापूर बोईसरच्या पश्चिमेला, समुद्रकाठचं. उत्तरेला तारापूरचं अणुवीज केंद्र, १९६९ पासूनचं, आणि पाठीशी तारापूर औद्योगिक वसाहत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्याआधी आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. किनाऱ्यावर मांगेला समाजाची, मच्छीमारांची वस्ती जुनी.

त्यांतल्या एका म्हाताऱ्या तांडेलाला मी माझा शब्द घेऊन विचारायला गेलो. बोट निघायच्या तयारीत होती. म्हटलं, “बाबा, काय अंदाज आज?” त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, “डिझेल भरलंय ना मास्तर, तोच अंदाज.”

याचा अर्थ समजायला थोडा हिशेब लागतो. डोलीचं जाळं ओढ्यावर चालतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ, बोंबील जाळ्यात शिरतो. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी मंद, जाळं नुसतं लोंबकळतं. एवढं शास्त्र सगळ्यांना पाठ. पण बोट सोडण्याआधी डिझेल, बर्फ, खलाशांचा शिधा, हे सगळं उधारीवर का होईना पण भरावं लागतं. मासा दिसायच्या आत पैसे पाण्यात. नंतर वारा फिरला तर जिवाचंही खरं नाही. तेव्हा तांडेल तोंडानं अंदाज सांगत नाही, त्यानं तो डिझेलनं सांगितलेला असतो. शेक्सपिअरच्या पेटीवरचं जुनं व्याकरण इथे अजून चालू आहे.

कधी डाव लागतोही. ऑगस्ट २०२१ मध्ये जवळच्याच मुरबे गावच्या एका बोटीच्या जाळ्यात दीडशेहून अधिक घोळ मासे आले आणि लिलावात त्यांचे सव्वा कोटीच्या वर पैसे झाले. बातमी देशभर गेली. त्या आठवड्यात रिकाम्या आलेल्या बोटींची बातमी झाली नाही, आणि व्हावी अशी त्यांची अपेक्षाही नव्हती.

इस्लामी धर्मशास्त्रात ‘ग़रर’ म्हणून एक कल्पना आहे. ज्या सौद्यात वस्तू हाती येईल की नाही हेच अनिश्चित, तो सौदा निषिद्ध. शास्त्रकार त्याचं नेहमीचं उदाहरण देतात ते समुद्रातल्या माशाचं आणि आकाशातल्या पाखराचं. मराठीत आपण म्हणतो, ‘पाण्यात म्हैस, वर मोल’. त्या पंडितांना म्हैस ठाऊक नसावी, नाही तर त्यांनी तीच घेतली असती. गंमत अशी की मासा पाण्यात असताना विकायला मनाई आहे, पकडायला जायला नाही. जाणारा आपलं काही तरी लावून जातो. इंग्रजी ‘रिस्क’ हा शब्दसुद्धा अरबी ‘रिज़्क’वरून, म्हणजे देवानं दिलेल्या दाणापाण्यावरून आला असं काही विद्वान मानतात, काहींना ते मुळीच मान्य नाही. तांडेलाला विचारलं तर तो पहिल्या बाजूला मत देईल.

आता त्याच समुद्रातली दुसरी गोष्ट. वसाहतीतल्या कारखान्यांचं सांडपाणी सामाईक केंद्रात प्रक्रिया होऊन नळानं नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. तो नळ सात किलोमीटर आत नेण्याची योजना निघाली. तज्ज्ञांचा हिशेब असा की तिथे पाणी खोल, सांडपाणी पातळ होईल, पसरेल, किनाऱ्याला त्रास राहणार नाही. मच्छीमारांचं म्हणणं असं की किनाऱ्याला त्रास नसेल, पण तिथे आमची जाळी आहेत. प्रदूषणाचं गाऱ्हाणं घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. त्या वादात शिरण्याचा माझा अधिकार नाही. मी शब्दाच्या मागे आलेला माणूस आहे. मला एवढंच दिसतं की दोन्हीकडे अंदाज आहेत, एकाला आकडेमोडीचा आधार, दुसऱ्याला पिढ्यांचा. पण पहिला चुकला तर अहवाल बदलावा लागतो, आणि दुसऱ्याच्या घरात चूल बदलते.

विमाधंद्यात याला नाव आहे, ‘मॉरल हॅझर्ड’. नुकसान दुसरा भरून देणार हे ठाऊक असलं की माणूस जपून वागेनासा होतो. २००८ साली अमेरिकेतल्या बँका बुडाल्या तेव्हा हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघर गेला. फासे एकाच्या हातात आणि पैसे दुसऱ्याचे, असा हा डाव. मूळच्या खेळात तो बसत नव्हता. तिथे फेकणाराच भरणारा होता.

पण कारखान्यांची बाजूही सांगायला हवी. शेजारच्या त्या मुलानंच मला ‘हॅझॉप’ समजावून सांगितलं. ब्रिटनमधल्या आय. सी. आय. या रसायन कंपनीत १९६० च्या दशकात ही पद्धत घडली. यंत्राच्या नकाशाभोवती वेगवेगळ्या खात्यांची माणसं बसवायची आणि एकेका नळीवर बोट ठेवून ठरलेले शब्द उच्चारायचे. ‘नाही’, ‘जास्त’, ‘कमी’, ‘उलट’. या नळीतून काहीच आलं नाही तर? जास्त आलं तर? उलटं वाहिलं तर? मग प्रत्येकानं, मूर्ख दिसायची तयारी ठेवून, अंदाज सांगायचा. म्हणजे जिथे हॅझर्ड हे नाम भिंतीवर टांगलेलं असतं, तिथेच एका खोलीत ते पुन्हा क्रियापद होतं. “मग त्या खोलीत ऑपरेटर असतो का रे?” मी विचारलं. “असायला हवा, काका,” तो म्हणाला. “आणि गावातलं कुणी?” यावर तो हसला.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जे झालं, त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. कारखान्यात कोणते धोके आहेत ते कामगारांना आणि आसपासच्या लोकांनाही सांगणं मालकावर बंधनकारक झालं. कायद्यानं विशेषणातला हरवलेला कर्ता परत आणण्याचा केलेला तो प्रयत्न होता. माझ्या त्या मुलाचा फलक हे त्याच झाडाचं एक लहान पान.

तर फलक. दुसऱ्या ओळीसाठी मी ‘पणाला’, ‘जोखीम’, ‘तर्क’ सगळं घालून पाहिलं आणि खोडलं. शेवटी लिहून दिलं, ‘अंदाजपंचे काही करू नका. विचारा.’ मुलाला आवडलं. साहेबांना ‘अंदाजपंचे’ थोडं गावठी वाटलं, पण वेळ नव्हता, छापून आलं. पहिल्या ओळीत त्याचाच ‘धोका’ राहिला. तो बरोबरच होता, मी हात लावला नाही.

एप्रिलमध्ये तो पुन्हा आला. म्हणाला, “काका, एक गडबड झाली.” त्याच्याकडे कामाला निम्म्याहून अधिक माणसं उत्तर प्रदेश, बिहारकडची. त्यांना देवनागरी वाचता येतं, मराठी येत नाही. आपल्याकडे धोका म्हणजे संकट, त्यांच्याकडे धोखा म्हणजे फसवणूक. उर्दू घरात वाढलेल्या माझ्या हे ध्यानात यायला हवं होतं, आलं नाही. टाकीखाली उभा राहून एकानं ‘येथे धोका आहे’ हे अक्षर अक्षर लावून वाचलं आणि याला विचारलं, “साहब, धोखा है ये तो हमको भी मालूम है. टंकी में क्या है, वो लिखिए ना.”

खालची जागा मोकळीच राहिली होती. मुलगा रंगाचा डबा घेऊन गेला आणि ‘खतरा’ लिहून, त्याखाली ॲसिडाचं नाव लिहून आला.